अजून ओल आहे

अण्णा, मी भट्टी बांधली. हसा आता. मिरजेच्या बेकरीत तुम्ही जन्म काढलात, मला मात्र त्या धगीजवळ फिरकू दिलं नाहीत. "शीक आणि सूट इथून," म्हणून कानीकपाळी ओरडलात. मी शिकले, सुटले, पार चंदीगडला येऊन पोहोचले, आणि या वयात घरामागच्या अंगणात विटांची भट्टी उभी करून बसले. तीही पावासाठी नाही, पिझ्झासाठी. पिझ्झा म्हणजे चपटा, पसरट पाव, वर टोमॅटो आणि भरपूर चीज. तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, "काय गं, हा फुगलाच नाही वाटतं?"

कल्पना तुमच्या नातवाची. तुमचे जावई होते तेव्हा एकदा जेवताना तो म्हणाला, "मम्मा, पीछे इतनी जगह पड़ी है, पिझ्झा ओव्हन बनाओ ना. मैं आऊँगा तो पार्टी करेंगे." तो असाच बोलतो. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. पुढे हे गेले, तो नोकरीला बंगळूरला गेला आणि ओव्हनबिव्हन विसरून गेला. मी नाही विसरले. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर एका सकाळी दूधवाल्याला "भैया, एक पैकेट" म्हणाले, तर घसा बसलेला. सर्दी नव्हती हो. आदल्या दिवशी कोणाशी बोललेच नव्हते. त्याच आठवड्यात मी विटा मागवल्या.

मिस्त्री बरा होता, पण घुमट म्हटल्यावर त्याने हात वर केले. "मैडम जी, तंदूर बोलो, अभी बना दूँ. ये गिर गया तो?" मग मी तुमची पद्धत सांगितली. ओल्या वाळूचा ढीग थापून गोल करायचा, त्यावर विटा रचायच्या, आणि चुना-माती धरली की तोंडातून हात घालून वाळू उपसून काढायची. शेवटची वाळू मीच उपसली. अर्धी आत वाकून, केसात वाळू, आणि डोक्यावर घुमट उभा! अण्णा, मी लहान मुलीसारखी ओरडले. भिंतीपलीकडच्या सरदारीणबाई धावत आल्या, "की होया, भैणजी?" त्यांना काय सांगणार? म्हटलं, कुछ नहीं जी, बन गया.

आणि मग धुकं पडलं. इथला जानेवारी तुम्हाला माहीत नाही. दिवसचे दिवस सूर्य नाही, दोरीवरचा रुमालसुद्धा वाळत नाही, तिथे भट्टी काय वाळणार? तुम्ही शिकवलं होतं तसं रोज चार काटक्यांचा जाळ करत होते. मिरजेत एका सुट्टीत मी हौसेने जाडजूड ओंडका आत सारला तेव्हा केवढ्याने खेकसला होतात माझ्यावर! "जाळायची नाही, वाळवायचीय! पाण्याची वाफ झाली की वीट उलते!" आणि मग तोंडाशी पितळेची थाळी धरून दाखवलीत. थाळीवर दव धरलं की समजायचं, अजून ओल आहे. मी इथे स्टीलची थाळी धरत होते. रोज दव.

नेमका तेव्हाच तुमचा नातू आला. मोहालीत मित्राचं लग्न होतं, घरी फक्त एक दिवस. आल्या आल्या मागे गेला, भट्टीभोवती फिरला, "मम्मा, यार, आपने सच में बना दिया?" म्हणाला आणि मला मिठी मारली. लगेच, "चलो, आज ही जलाते हैं." मी नाही म्हटलं. घुमट उलेल, तुझ्या आजोबांनी सांगितलंय. तो हिरमुसला, फोन काढला आणि पिझ्झा मागवला. आम्ही दोघांनी तो भट्टीसमोर खुर्च्या टाकून, स्वेटर घालून खाल्ला. गार झाला होता. जाताना म्हणाला, "सूख जाए तो बताना. पक्का आऊँगा."

त्या दिवसापासून मला मिरजेतली मे महिन्याची ती सुट्टी आठवतेय. मी हॉस्टेलवरून आले होते आणि बेकरीच्या भट्टीचा घुमट तुम्ही नवा केला होता. एरवी तुम्ही मला माहीत होतात ते झोपलेले. रात्रभर भट्टीवर, दिवसा अंथरुणात, आणि आई तोंडावर बोट ठेवून फिरतेय. त्या सुट्टीत मात्र तुम्ही जागे होतात! सकाळी थोडा जाळ करायचात, मग आपण भट्टीच्या तोंडाशी बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खायचो, आणि तुम्ही वाळूवर घुमट कसा रचला इथपासून सगळं बोलत राहायचात. शेठ रोज यायचे, विचारायचे, "काय, करायची का सुरू?" तुम्ही आत हात घालायचात आणि मान हलवायचात. "अजून ओल आहे, शेठ." मला एसटीत बसवलंत आणि दुसऱ्याच दिवशी भट्टी सुरू झाली, हे आईने पुढे कधीतरी सहज सांगितलं होतं.

अहो, मिरजेतला मे महिना! आईचे पापड सकाळी घातले की दुपारी वाळायचे. जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. शेठसमोर तुम्ही थाळी कधी धरलीच नाहीत, नुसता हात. थाळी आपल्या पुढ्यात होती, भाकरी वाढलेली. माझ्यासाठी खोटं बोललात ना, अण्णा? एवढी मोठी झाले तरी कळलं नव्हतं. कळलं तेव्हा भट्टीपाशी बसून पोटभर रडले.

आता इथे एप्रिल आहे. ऊन चटके देतंय, आणि थाळी होळीच्याही आधीपासून कोरडी निघतेय. तरी मी रोज संध्याकाळी चार काटक्या लावते आणि समोर खुर्ची टाकून बसते. रविवारी त्याचा फोन येतो. "मम्मा, सूखा क्या?" मी म्हणते, नाही रे, अजून ओल आहे. कारण वाळली म्हणून सांगितलं आणि तो आलाच नाही तर? मग मी कशाची वाट बघू? तुम्ही तेच वाक्य बोलून मला जवळ ठेवून घेतलंत. मी तेच बोलून त्याला लांब ठेवतेय. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. पाठवायचं नाही म्हटल्यावर खरं लिहिता येतं.

या रविवारी त्याला सांगून टाकते, वाळली, ये. गेल्या रविवारीही मी हेच ठरवलं होतं.