कृपया थांबा

प्रिय मास्तरणी,

माझं सगळं बदललं ते तू प्रयोगशाळेच्या दारात 'थांब' म्हणालीस त्या क्षणी. सर चारचौघांत म्हणाले होते, प्रकल्प हिचा, तू नुसता उतरवून काढलास. माझं डोकं फिरलं. ओळखपत्र त्यांच्या टेबलावर भिरकावलं, दार धाडकन आपटलं आणि जिना उतरलो तो कायमचाच. तेव्हापासून दोन वर्षं एकच घोकत आलोय, की तू सरांना एका शब्दानंही अडवलं नाहीस, वर मलाच हुकूम सोडलास.

आज सकाळी आमच्या दुरुस्तीच्या दुकानात तुझ्या बाबांचा फोन आला. पाय प्लास्टरमध्ये, तुझ्या पदवीदानाला जाता येत नाही, कॉलेज समारंभ घरबसल्या थेट दाखवणार आहे, तेवढा कॉम्प्युटर तयार करून द्या. पत्ता ऐकला आणि मालकांना म्हणालो, मी जातो. मालक म्हणाले, काय रे, एरवी तुला तीनदा ढकलावं लागतं!

कॉम्प्युटर तोच, आपण दोघांनी प्रकल्प केला तो. 'हात लावशील तर मार खाशील' ही तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून पडद्याच्या कडेला चिकटलेली आहे. तू खुर्चीत, मी डगमगत्या स्टुलावर, आणि मधे कीबोर्डवरून मारामारी. तू टाइप करायचीस, मी चुका काढायचो, तू माझ्या चुका काढण्यातल्या चुका काढायचीस. म्हणून तर तू मास्तरणी, आणि पटकन पेटतो म्हणून मी काडेपेटी. कपाळावर सांडलेली बट तू पेन्सिलीनं मागे सारायचीस, आणि माझ्या हातून हमखास भलतंच बटण दाबलं जायचं. सरांना कुठून कळणार कोणती ओळ कुणाची? आपल्यालाच कुठे सांगता आली असती?

लिंक काही केल्या उघडेना. तुझे बाबा, आमचे काका, म्हणाले, इंटरनेटचं डोकं फिरलंय, तुझ्यासारखंच. पण दोष घड्याळाचा होता. आतला बटणाएवढा सेल मेलेला, त्यामुळे कॉम्प्युटर कितीतरी वर्षं मागच्या तारखेत बसून होता. तारीख जुनी असली की आजचं काही उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. सेल बदलला, आजची तारीख घातली, ब्राउझर नवा केला. आवाज तरीही नव्हता, कारण काकांनी स्पीकरची वायर माइकच्या भोकात खुपसली होती.

सगळं जमल्यावर पाहतो तर काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून पडद्यासमोर हजर. म्हणाले, तिला मी नीट दिसेन ना? म्हटलं, नाही हो काका, हे एकतर्फी असतं. शर्ट वाया गेला म्हणायचा, असं म्हणून ते हसले. मी मात्र 'एकतर्फी' म्हणून गेलो आणि मग उगाचच वायरी तपासत बसलो.

त्यांनी ते पाहिलं असावं. म्हणाले, त्या दिवशी हीसुद्धा तुझ्यासारखंच ओळखपत्राचं कार्ड टाकून घरी आली होती. रडत होती, की मी थांब म्हटलं, दप्तर घेऊन त्याच्याबरोबर निघालेच होते, तर हा काडेपेटी निघूनच गेला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तिचं कार्ड परत आणलं. बरं झालं बाबा तू थांबला नाहीस, नाहीतर आज दोघं मिळून स्क्रू पिळत बसला असता.

मास्तरणी, मी त्या शब्दाचा अर्थच चुकीचा उतरवून घेतला गं. हा एकच उतारा सरांनी पकडायला हवा होता.

पडद्यावर आत्ता लिहून आलंय, 'कृपया थांबा, प्रक्षेपण अकरा वाजता सुरू होईल.' काका म्हणतात, बस, दोघं मिळून बघू. पण मला तू एकतर्फी नको आहेस. मी कॉलेजच्या फाटकाशी येऊन थांबतोय, समारंभ संपेपर्यंत, तू बाहेर येईपर्यंत. समोर आलीस की मी भडाभडा काहीतरी बोलून सगळं बिघडवीन, किंवा तिथवर येऊन पाय मागे फिरतील. माझा मलाच भरवसा नाही. म्हणून हे दुकानाच्या पावतीमागे लिहून तुझ्या कीबोर्डखाली ठेवतोय. फाटकाशी दिसलो नसेन, तर हे वाचून दुकानात ये आणि मला मार.

आवाज मोठा करून ठेवलाय. काकांना म्हटलं, तुमचं लक्ष पडद्याकडेच असू द्या. मी निघतो. दार या खेपेला हळूच लावून घेतोय.

तुझाच,
काडेपेटी