खिडकीपलीकडच्या पाच पेट्या

५ मार्च

सूज उतरली. पेन धरता येतंय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सोमवारी कुंपणाजवळच्या मधमाशांच्या पेटीचं झाकण उघडलं आणि मनगटावर डंख बसला. एकच! इतक्या वर्षांत किती खाल्ले असतील त्याचा हिशोब नाही. नखाने काटा खरवडून काढला आणि पोळ्याच्या पुढच्या चौकटीला हात घातला. तर तळवे खाजायला लागले. मग ओठ. मग घसा कुणीतरी आतून आवळतंय असं. नळापर्यंत गेले. पुढचं आठवत नाही.

मी नळाशी पडले होते म्हणे, ओठ निळे. यांनीच उचललं आणि शेजारच्या सुताराच्या टेम्पोत घातलं. पेटी तशीच उघडी, माशा चवताळलेल्या — आणि यांच्या डोक्यावर टोपी नाही, तोंडावर जाळी नाही. लग्न झाल्यापासून जो माणूस परसात पाय ठेवायला घाबरतो, तो!

मला हे सुताराच्या बायकोने सांगितलं. हे स्वतः एवढंच म्हणाले, "जड झालीयेस."

७ मार्च

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण आहे, पण फटकळ. मला "आजी" म्हणाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी!

"आजी, वर्षानुवर्षं सोसणारं शरीर एखाद्या दिवशी उलटतं. तुमचं उलटलंय. पुढचा डंख शेवटचा ठरू शकतो. परसात जायचं नाही."

मांडीत टोचायचं इंजेक्शन दिलंय. कायम जवळ ठेवायचं. टोचलं तरी धावत दवाखाना गाठायचाच.

"आणि माशांचं काय?" मी विचारलं.

ती यांच्याकडे बघायला लागली. हे फरशीकडे.

८ मार्च

परसाचं दार बंद. स्वयंपाकघराची खिडकी बंद. काचेतून पाचही पेट्या दिसतात — कुंपणाजवळची, टाकीजवळची, जांभळाखालच्या दोन आणि ती निळी, जिच्या माशा जन्मजात तिरसट. आवाज मात्र येत नाही. सकाळी चहा ठेवताना ती गुणगुण कानावर असायची. आज पातेल्यातलं पाणी उकळायचा आवाज किती मोठा वाटला.

११ मार्च

लेकीचा फोन. "आई, विकून टाक. हट्ट करू नकोस."

हट्ट!

१४ मार्च

नदीपलीकडचा मधवाला आला होता. यांनीच बोलावला — मला न विचारता. त्याच्याकडे शंभरावर पेट्या आहेत, आणखी पाच त्याला जड नाहीत. पाचही बघून खिडकीशी आला. काचेतून मोठ्याने म्हणाला, "वहिनी, माशा सोन्यासारख्या ठेवल्यात! सूर्यफुलं फुलायच्या आत सांगा, गाडी घेऊन येतो."

मी नुसती मान हलवली. हो की नाही ते मलाच माहीत नव्हतं.

रात्री जेवताना यांना म्हणाले, "माझ्या माशा, आणि गिऱ्हाईक तुम्ही आणणार?"

"पेट्यांपायी तुला घालवू का?"

मी ताट उचललं आणि उठले.

१६ मार्च

अबोला.

१७ मार्च

अबोलाच. मीठ मागायला मात्र दोघांचीही तोंडं उघडतात.

१९ मार्च

टाकीजवळच्या पेटीच्या तोंडाशी माशांची दाढी लोंबतेय. आत जागा पुरत नाही. वर एक रिकामा मजला चढवला नाही तर राणी अर्धी वस्ती घेऊन उठेल आणि नदीकाठच्या कुठल्यातरी ढोलीत जाऊन बसेल.

हे मी भिंतीकडे बघून बोलले. हे भाकरी मोडत होते. भाकरी मोडत राहिले.

२० मार्च

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात कोण उभं? माझा पांढरा अंगरखा घातलेला — पोटावर बटणं लागत नाहीत — डोक्याला माझी जाळीची टोपी, हातात मोजे. पायांत मात्र बाथरूमच्या सपाता!

"सांग काय करायचं ते."

मी हसले. मग रडू यायला लागलं म्हणून ओरडले, "आधी बूट घाला!"

फोन खिशात, स्पीकरवर. घरातल्या घरात फोन! मी काचेच्या अलीकडे, हे पलीकडे. "भाता दाबा. धूर तोंडाशी द्या, डोळ्यांत नको. हळू. अहो हळू! झाकण आहे, दाराची कडी नाही." जाळीमागून यांचा श्वास फोनवर ऐकू येत होता — जिना चढल्यासारखा. झाकण उघडलं, माशांची भुरकट लाट वर आली आणि हे जागच्या जागी दगड झाले.

"पळू नका," मी म्हणाले.

"पळत नाहीये. पाय हलत नाहीयेत."

पण मजला चढवला. तिरका बसला, मग सरळ केला. आत आले तेव्हा बनियन घामाने चिंब. अंगरखा बाहेरच काढून झटकला होता — एखादी माशी चिकटून आत येईल म्हणून. मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरणीने सांगितलेलं यांनी लक्षात ठेवलं होतं.

मधवाल्याला फोन केला. म्हटलं, इतक्यात नको.

२८ मार्च

निळ्या पेटीने यांना प्रसाद दिला. कानावर. कान पुरीसारखा फुगलाय. "दोन्हीकडे एकेक दिला असता तर बरं दिसलं असतं," म्हणाले.

६ एप्रिल

चौकट काचेला लावून दाखवतात. मी आतून बोट ठेवून सांगते — ही अंडी, ही अळी, हे बंद केलेलं घर, हा मध. एका काचेच्या दोन बाजूंना आमची दोन बोटं. चष्मा टोपीच्या आत घसरतो, तो सावरता येत नाही, मग नुसतं नाक हलवत राहतात.

१८ एप्रिल

राणी दिसली यांना! मी न दाखवता. फोनवर इतके ओरडले की मला वाटलं डंख बसला.

"लांब आहे गं! आणि बाकीच्या तिला वाट करून देतात!"

माहितीये मला. तीस वर्षं बघत आले. पण ऐकून घेतलं, पहिल्यांदाच कळल्यासारखं.

२ मे

आता मोजे घालत नाहीत. जाड होतात म्हणे, बोटांना कळत नाही. शिंपीच शेवटी. माशांशी बोलतातही — फोन चालू आहे हे विसरून. "सरका बायांनो, सरका. कुणी मेलं तर ती आत बसून मलाच बोलणार."

गेल्या वर्षी डोळे अधू झाले म्हणून शिवणाचं दुकान बंद केलं, तेव्हापासून हे असे नव्हते. दिवसभर खुर्चीत. आता सकाळी माझ्याआधी उठतात.

९ मे

आज एक गोष्ट पाहिली. लिहू की नको असं झालंय.

चौकट हातात असते तोवर ठीक. पण खाली ठेवली आणि हात मोकळा लोंबला की उजवा अंगठा पहिल्या बोटावर घासत राहतो. थांबतच नाही. धाग्याला पीळ द्यावा तसा. पहिल्या दिवसापासून दिसत होतं, मी समजले भीती. आता भीती कुठे राहिलीय? उघड्या हातांवर माशा चालतात आणि हे त्यांची चौकशी करतात!

इतक्या वर्षांत यांना असं लांबून, तासन् तास, न बोलता बघितलंच नव्हतं. घरात माणूस जवळ असतो. दिसत नाही.

१७ मे

जांभळाखालच्या पेटीतली भरलेली चौकट यांच्या हातातून सुटली.

सगळं एकदम झालं. चौकट खालच्या पेटीवर आपटली, पोळं तुटलं, मध, अळ्या, आणि माशांचा ढग. यांच्या मानेवर, जाळीवर, उघड्या हातांवर. पळाले नाहीत. वाकून चौकट उचलायला गेले तर बोटं मिटेनात. मी काचेतून बघतेय — बोटं मिटत नव्हती.

मी परसाच्या दाराशी गेले. कडीला हात घातला. इंजेक्शन दुसऱ्या हातात होतं. माझ्या खिशातल्या फोनमधून यांचा आवाज आला:

"बाहेर येऊ नकोस! शपथ आहे तुला, बाहेर येऊ नकोस!"

उभी राहिले. कडी धरून. कपाळ दारावर टेकून. दाराच्या त्या बाजूला माझा नवरा आणि माझ्याच माशा, आणि मला नुसतं ऐकायचं होतं.

दोन्ही हातांच्या तळव्यांत चौकट धरून यांनी उचलली. बोटांनी नाही, तळव्यांनी. आत बसवली. झाकण लावलं. मग नळाखाली जाऊन बसले, कपड्यांसकट.

१८ मे

बारा-पंधरा डंख. चेहरा ओळखू येत नाही. डॉक्टरणीने तपासलं, ताप नाही, श्वास ठीक. घरी आल्यावर मी लिंबूपाणी दिलं आणि समोर बसले.

"हात कधीपासून?"

"चावल्यामुळे..."

"चावल्याचं नाही विचारत."

पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून."

"डोळे अधू झाले म्हणालात."

"डोळे ठीक आहेत. काजं सरळ येईनात. एका गिऱ्हाइकाने नवा सदरा परत आणला, काही बोलला नाही, नुसता परत दिला. दुसऱ्या दिवशी मशीन झाकलं."

"मला नाही सांगितलंत."

"सांगितलं असतं तर तू माझ्या हातांकडेच बघत बसली असतीस."

खरं आहे. बसले असते.

२६ मे

शहरातलं मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरांनी यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव सुरुवातीला मोठं, शेवटी मुंगीएवढं.

कंपवात. डॉक्टर शांतपणे बोलत होते. गोळ्यांनी काही वर्षं बरं चालेल. मग हळूहळू गोळ्या कमी पडत जातील. किती वर्षं? माणसागणिक वेगळं.

परतीच्या बसमध्ये यांनी खिडकीची जागा मला दिली. नदीवरच्या पुलावर आल्यावर म्हणाले, "पाणी चढलंय." मी हो म्हटलं. पाणी चढलं नव्हतं.

२७ मे

मधवाल्याला मीच फोन केला. गाडी घेऊन या.

१ जून

संध्याकाळी, माशा आत गेल्यावर आला. पेट्यांची तोंडं बंद करायला जाळीचे तुकडेही आणले होते. मी खिडकीशी. हे परसात, टोपी न घालता, निळ्या पेटीवर हात टेकून उभे.

"पेट्या द्यायच्या नाहीत," हे म्हणाले.

मधवाला माझ्याकडे बघायला लागला. मी आतून ओरडले, "द्यायच्या आहेत! मला नकोत आता!"

"मला हव्यात."

"अहो, परवा बोटं मिटली नाहीत तुमची! पुन्हा सुटली चौकट तर? मला तर दारसुद्धा उघडता येत नाही!"

हे खिडकीपर्यंत चालत आले. गोळ्यांनी चाल थोडी सुधारलीय. काचेला तोंड लावून हळू बोलले, मधवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"दुकान मी चोरासारखं बंद केलं. कुणाला कळू नये म्हणून दुपारी. हे काम तसं बंद करणार नाही. जेव्हा होणार नाही तेव्हा तुला सांगेन. तुझ्या तोंडावर सांगेन. तोवर राहू दे."

काचेवर यांच्या श्वासाचं धुकं धरलं. पलीकडचा चेहरा पुसट झाला. मी आतून पुसायला गेले — धुकं बाहेरच्या बाजूला.

मधवाल्याने चहा घेतला, रिकामी गाडी वळवली. जाताना यांना म्हणाला, "भरलेल्या चौकटी उचलायच्या असतील तेव्हा हाक मारा. पलीकडेच तर आहे मी."

२ जून

झोप नाही लागली. हे मात्र घोरत होते.

१४ जून

सूर्यफुलं फुलली. नदीकाठापर्यंत पिवळंच पिवळं. माशांना दम घ्यायला फुरसत नाही. यांनी अर्ध्याच चौकटी तपासल्या, उरलेल्या उद्या म्हणाले. आपणहून सांगितलं — "आज एवढंच होतंय." मी बरं म्हटलं.

मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

२९ जून

यांच्या गोळ्या आणायला एकटीच शहरात गेले. त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, दंडात पहिली सुई घेतली. मधमाशीच्याच विषाची, अगदी पातळ केलेली. आधी दर आठवड्याला, पुढे महिन्याला. शरीराला सवय लागली तर परसात जाता येईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तीन वर्षं. कदाचित पाच.

यांचे हात चालतायत तोवर माझे तयार व्हायला हवेत.