लिंबाचा लाल पट्टा

५ जानेवारी, सोम.
राणू दूध पिऊन झोळीत झोपली. झोळी बागेतल्या कडू लिंबालाच बांधते, बागेत कुठंबी पाणी घालत असले तरी दिसती. आज बागेवरनं जाणाऱ्या पुलाचा पहिला खांब उभा ऱ्हायला. त्याच्यातल्या सळ्या ह्यांनी बांधल्यात. फुलंब्रीच्या बसमधली माणसं मान वाकडी करून बघतेत. छाती फुगती. आन् भ्याव बी वाटतं, एवढं वजन पोरीच्या डोक्याजवळ.

७, बुध.
रहीमचाचा हितले जुने माळी. म्हणले, बागेतनं रस्ता जायची ही तिसरी पाळी. त्यांच्या अब्बाच्या टायमाला निस्ती बैलगाडीची वाट. मग डांबरी, बागेचे दोन तुकडे. आता आभाळातनं. "रस्ता बदलता है बेटी, बाग इधरीच रहता."
जुनी विहीर आडवी आली म्हणून नकाशात पूल मधीच वाकवलाय म्हणं. एका विहिरीपायी एवढा मोठा पूल वाकतो. लई भारी वाटलं.

८, गुरु.
इंजिनेर साहेब कागद घेऊन आले. बोट दावतील त्या झाडाला मी लाल पट्टा मारायचा. कशाला ते इचारलं नाय. एवढ्या बायांत रंगाचा डबा माझ्या हातात दिला, त्यातच खूश.
बापाच्या मेंढरांच्या पाठीवर अशीच लाल खूण असायची. खूण हाय ते आपलं, त्याला कुणी हात लावायचा नाय.
साहेब गेले, रंग उरला. मग लिंबाला बी मारला पट्टा. चांगला जाड.

९, शुक्र.
सांजच्याला ह्यांना हौसंनं लिंब दावला. बघतच ऱ्हायले. म्हणले, लाल पट्टा म्हंजे तोडायचं झाड. सोमवारी तोडणारे येणार. आन् लिंब तर पुलाच्या वाटंत बी नाय.
"कुणी मारला?"
"मी."
 मग म्हणले गप ऱ्हा, दोघांचं बी काम जाईल. 

१०, शनि.
दगडानं खरवडलं. तेलाचा रंग, जात नाय. निस्ती साल निघाली. राणू झोळीतनं बघून हसती.
चाचाला सगळं सांगितलं. म्हणले, "पट्टा तो सीधा मारी ना? बात बी सीधी बोल दे."
मी गेले साहेबापुढं.  एका दमात बोलले, मेंढरांचं बी. साहेब हसले नाय. कागद बघितला, लिंब त्यात नाय. पण म्हणले तोडणारे कागद वाचत नाहीत, पट्टा बघतात. सोमवारी दहाला मी येतो, तवर तू तिथं थांब.
ह्यांना सांगितलं. आधी घास थांबला. मग म्हणले, "माझ्या सळ्यापरीस कडक निघालीस."

१२, सोम.
आठलाच आले करवती घेऊन. साहेब नाय. विहिरीकडची झाडं पडली. ते पट्टे बी माझ्याच हातचे. तिकडं बघवलं नाय.
मग लिंबापाशी आले. मी पुढं उभी.
मुकादम म्हणला, सरक बाई, पट्टा हाय.
"हाय. मीच मारला. चुकला."
"मग थांबायचं कुणाच्या हुकमानं?"
 साहेबाचं नाव घ्यायचं होतं. तोंडातनं निघालं, "माझ्या."
त्याची माणसं हसली. तो नाय हसला. राणूच्या झोळीकडं बघितलं, करवत बंद केली. तवा म्या सांगितलं, साहेब दहाला येणार. म्हणला दहापत्तुर बसतो.
वर खांबावर हे सळ्या सोडून उभे. बाजूच्याला माझ्याकडं बोट करून काय तरी सांगत होते.
दहा वाजून गेले. साहेब अजून नाय. मुकादमानं दुसरा चहा मागवला. म्या बी मागितला. एका हातानं झोका देत उभ्यानंच लिहिते. पाठ लिंबाला टेकलीय, पट्टा माझ्या मागं झाकला.