कॉइलखालचा हिरवा रंग

प्रिय धाकटे,

पत्र लांब आहे. बसून वाच. उभ्याउभ्या वाचशील तर अर्ध्यावर ठेवून देशील, आणि पुन्हा लिहायची हिंमत मला व्हायची नाही.

आधी घरची खबर. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा बाबाच जास्त कुरकुरतात. रोपवाटिकेच्या वरच्या ओळींना नवी जाळी घातली. थोरला दर रविवारी फोन करतो, हवामान विचारतो, मी सांगते, संपलं. आणि आपला बेडूक, ती जुनी चारचाकी, चालू आहे. रोज सकाळी खताची दोन पोती घेऊन चढण चढतो. बाबा अजून त्याला गाडी म्हणायला तयार नाहीत. चार चाकं आणि वर हँडल असल्या वस्तूने एकदाचं ठरवावं, म्हणतात, मोटार व्हायचं की मोटरसायकल.

बेडूक गेले आठ महिने चालू आहे. इतक्यांदा फोनवर बोललो, पण मी हे सांगितलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस. आपल्या दोघींना एकमेकींच्या न बोलण्याची सवय झाली आहे, आणि ती मीच लावली.

तीन वर्षांपूर्वी त्याला रंग द्यायचं खूळ माझंच. गंज दिसला की माझ्या डोळ्यात खुपतो हे तुला माहीत आहे. सांगाडा मोकळा केला, पॉलिश पेपरने घासला, हिरव्या रंगाचे दोन हात दिले. बोल्टसुद्धा रंगवायचे सोडले नाहीत. जे करायचं ते नीट, हे वाक्य मी तुम्हा दोघांना इतक्यांदा ऐकवलं होतं की बाबा ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचे. दोन दिवस वाळू दिला, सगळं होतं तिथे बसवलं आणि बटण दाबलं. इंजिन नुसतं घरघरलं. ठिणगीच नाही.

मग तू बसलीस. मी खिडकीतून पाहत होते, हेही तुला कधी सांगितलं नाही. तू जुनी चादर अंथरलीस, काढलेला प्रत्येक नट काढल्या क्रमाने मांडलास, शेजारी वही. प्लग काढून त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवलंस आणि ठिणगी पडते का पाहिलंस. नवा प्लग लावलास, तरी नाही. हँडलवरचं बंद करायचं लाल बटण तपासलंस, मागची सुरक्षेची दोरी तपासलीस, त्या दोन्हींची वायरच सोडवून पाहिलीस, की तिथूनच कुठे करंट मरत नाही ना. प्रत्येक गोष्टीपुढे वहीत एक रेघ. पस्तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. इतकं शिस्तीत काम करणारी मुलं माझ्या हाताखालून किती गेली असतील? दोन. फार तर तीन. तेव्हा बाहेर येऊन एवढं म्हटलं असतं तर माझी जीभ काही झडणार नव्हती. नाही म्हटलं. म्हटलं काय, तर चादर चांगली होती, तिची वाट लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरांकडून परत आले तेव्हा तू फाटकातच उभी होतीस. नाकाला ग्रीस. म्हणालीस, आई, चालू झाला गं, अगं रंगामुळे... तुझं वाक्य तिथेच राहिलं, कारण सीट उघडी होती आणि मला आत ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलपाशी ओरखडे दिसले. माझ्या नव्या रंगावर. मी म्हणाले, दोन दिवस कंबर मोडून केलेलं काम खरवडून ठेवलंस आणि वर रंगालाच नावं ठेवतेस? तोंडातला बोळाही अजून काढला नव्हता, पण बोलणं थांबलं नाही. तू हात धुवायला गेलीस. चालू करून दाखव, असंही मी म्हटलं नाही. मला इंजिन दिसतच नव्हतं, ओरखडेच दिसत होते.

सकाळी उठल्याउठल्या मी रंगाचा डबा काढला. ती कॉइल सांगाड्याला एका बोल्टने बसवलेली असते. वरवर ब्रश फिरवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून बोल्ट सोडला, कॉइल बाजूला केली, खाली तू उघडं केलेलं वर्तुळ नीट भरून काढलं, बोल्टही पुन्हा रंगवला. झटपट वाळणारा रंग, वर कोवळं ऊन. वाळल्यावर सगळं घट्ट बसवलं आणि मनात म्हटलं, आता कसं.

दहा वाजता गॅरेजवाले काका आले. तूच बोलावलं होतंस. मुलीला कामावर ठेवायचं तर आधी तिचा हात बघतो, असं ते म्हणाले होते. तू नवा शर्ट घातला होतास. बटण दाबलंस. घरघर. पुन्हा दाबलंस. घरघर. तू म्हणालीस, काल चालू झाला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तुझी आई, म्हणाले, मी तर नाही ऐकला. हिला खोटं बोलायची सवय नव्हती, ती आता लागलेली दिसते. कोणाची गाडी हिच्या हाती देऊ नका.

तेव्हा तू सीट उचललीस. आत पाहिलंस. मग माझ्या हातांकडे पाहिलंस. माझ्या दोन बोटांना हिरवा रंग होता. आणि तू सीट खाली ठेवून घरात निघून गेलीस. मला वाटलं, चोरी पकडली गेली की माणूस असाच जातो. तीन आठवड्यांनी तू शहरात कापडाच्या दुकानात लागलीस.

आठ महिन्यांपूर्वी हातगाडीचं चाक मोडलं, म्हणून मी बेडकावरचं प्लास्टिक काढलं, बॅटरी चार्ज करून आणली. तुझी वही सीटखालीच होती. तुझ्या रेघांवरूनच चालत गेले. शेवटच्या रेघेपुढे तू लिहिलं होतंस, कॉइलचं अर्थिंग, आणि त्यापुढे बरोबरची खूण. मीटरचं एक टोक कॉइलच्या लोखंडाला लावलं, दुसरं इंजिनला. काटा हलला नाही, म्हणजे मधे वीज जातच नव्हती. एक साधी वायर घेऊन दोन्ही जोडली आणि बटण दाबलं, तर प्लगवर निळी ठिणगी, टक टक टक. रंगातून वीज जात नाही हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. जोडणीची टोकं आधी घासा, मग मला शंका विचारा, असं दरडावून शिकवलं. बोल्ट काढून हलक्या हाताने रंग खरवडला. वरच्या थराखाली तुझं वर्तुळ निघालं, नाण्याएवढं, कडा अगदी साफ.

तुला त्या दिवशी सगळं कळलं होतं. एक वाक्य बोलली असतीस तर तुझं काम पक्कं होतं, आणि परक्या माणसासमोर मी तोंडघशी पडले असते. म्हणून तू बोलली नाहीस. त्याच माणसासमोर मी तुला खोटी ठरवून मोकळी झाले होते.

आणि अजून एक, सगळ्यात वाईट. बेडूक चालू झाला तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, बाईंनीच दुरुस्त केला वाटतं? मी हो म्हटलं. बाबांनाही तसंच सांगितलं. त्यांनी तुझी वही उचलून आपल्या कपाटात ठेवली. आठ महिने मी रोज त्या बेडकावर बसते आणि रोज ठरवते की आज लिहीन. कधी रोपं लावायची असतात, कधी शाई नसते. कारणं शोधण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

मंगळवारी तुझं कार्ड आलं. दुकानात कायम करणार, एक तारखेला सही करायची. आणि खाली: माझी हत्यारांची पेटी कोणाला तरी देऊन टाक, तूच बरोबर होतीस, माझा हात यंत्राचा नाही. हे वाक्य मी उभ्याने वाचलं आणि मग बसले. बुधवारी गॅरेजमध्ये गेले. चार माणसं काम करत होती, त्यांच्यासमोरच काकांना सगळं सांगितलं, आठ महिन्यांसकट. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, बाई, हे मला काय सांगता? त्या पोरीला सांगितलंत का? मी नाही म्हटलं. मग आधी ते करा, म्हणाले, आणि तिला म्हणावं, बघायचा राहिलेला हात मला अजून बघायचा आहे. म्हणून हे पत्र. पेटी दिलेली नाही, तुझ्या खोलीतच आहे. सही करायची की नाही ते तूच ठरव, इकडे यायचं की नाही तेही. मला माफ कर असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही, ठाऊक नाही. पण मी बरोबर होते म्हणून सही करू नकोस. मी बरोबर नव्हते. तुझ्या त्या वर्तुळाला मी पुन्हा रंग लावलेला नाही.

तुझीच, तुझ्यासमोर मान खाली घालून,
आई