कयाधूत सोडलेल्या गोगलगायी

हिंगोली, १८ मे १९४७

दादा, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोललो नाही, त्याबद्दल माफ करा. तुम्ही होता तेव्हाही शेवटी आपलं बोलणं कापडाच्या भावापुरतंच उरलं होतं. आज लिहायला बसलो, कारण तुमची नात मॅट्रिक झाली आणि नागपूरला सायन्सला जायचं म्हणते. काल तिनं विचारलं तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणालो. आवाज तुमचा निघाला.

सकाळी तुमची सून विहिरीवर पाणी गाळत होती, ते बघून तो दिवस आठवला. बी.एस्सी. होऊन मी सुट्टीला मुंबईहून आलो होतो, पुढचं शिक्षण उरलं होतं. डब्यात ओल्या शेवाळात समुद्रातल्या गोगलगायी आणल्या होत्या, हरभऱ्याएवढ्या. लाटेचे नुसते शिंतोडे पोचतात अशा खडकांवर त्या राहतात. ओल सरली की शंखाचं दार लावून भरतीची वाट बघतात. आई ताटलीत मिठाचं पाणी करते. एक दार उघडतं, इवली शिंगं बाहेर येतात, आई तोंडाला पदर लावून हसते. तेवढ्यात तुम्ही दुकानातून येता.

"जीव हाय तो. काहून कोंडून मारून राहिला?" म्हणत तुम्ही ताटली उचललीत ती थेट कयाधू नदीवर. मी मागोमाग. गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे, दुसऱ्या पाण्यात ते मरतात, हे आपल्या जैनांचं वळण लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं. तेच मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही उथळ पाण्यात उभे राहून ताटली हळूच कलती केलीत आणि म्हणालात, "समुद्र इथं कुठून आणू? आन् तूबी आता तिकडं जायाचं न्हाई. बेडकं कापत्यात म्हणं तिथं. दुकानात बस."

तुम्ही रागावला असता तर मी भांडलो असतो. पण तुम्हाला दया आली होती, त्यांचीही आणि माझीही. दयेशी कसं भांडतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. वाळूत सगळ्या दारं लावून पडल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यातल्या काही मी कॉलेजात नेऊन स्पिरिटात घालणारच होतो. तरी तुम्ही केलंत त्याला दया म्हणताना माझी जीभ अजून अडते.

हा कागद रोजनिशीतच राहील. लेक जावी असं मला तिच्यासाठी वाटतं की तुम्हाला हरवण्यासाठी, हे नक्की सांगता येत नाही.

उद्या: माझी कॉलेजातली ट्रंक माळ्यावरून काढून तिची कडी बसवून घेणे.