सोबत नको, हावड्याचं तिकीट द्या

५ जानेवारी, सोमवार

ठरलं. कोलकात्याला जाणार. तिथल्या दोन संघांची फुटबॉलची मोठी मॅच मैदानात बसून बघणार. एकटी. इथे लिहिलं म्हणजे पक्कं.

कारण कालची संध्याकाळ. टीव्हीवर त्याच दोन संघांची मॅच. गोलसमोर पोराला ढळढळीत पाडलं आणि रेफरी हात झाडून म्हणतो, चालू द्या. मी ओरडले. ‘आंधळा आहेस का मेल्या!’ एवढंच. लगेच दाराची बेल. खालच्या मजल्यावरचा सतीश, त्याची बायको, मागे वॉचमन. ‘बाई, काय झालं? पडलात का?’ सतीश माझा सातवी ब. तेव्हाही नको तिथे नाक.

म्हणजे स्वतःच्या घरात ओरडायची सोय नाही. बोईसरमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवल्याची ही शिक्षा. दातांचा डॉक्टर माझा, गॅसवाला माझा, बँकेतली ती टोकन देणारी मुलगी माझी. रस्त्यात शिंकले तरी दोन-तीन माणसं ‘बाई’ म्हणून वळतात. मला अशा जागी बसून घसा फाडायचाय जिथे मला एकही माणूस ओळखत नाही. माणसं हजारोंनी असावीत. ओळखीचं कोणी नसावं.

६ जानेवारी

मंगळवार, म्हणजे विनू. माझ्या धाकट्या भावाचा, बाळूचा मुलगा. बाळू गेल्यापासून तारापूरची वाडी तोच बघतो आणि दर मंगळवारी मला नारळ आणून देतो, हवे असोत नसोत. त्याला सांगितलं.

‘अरे वा! छान, आत्या. सोबत कोण?’

‘कोणी नाही.’

‘ते कळलं. पण सोबत कोण?’

आमच्या घराण्याचा हा रोग आहे. बाई घराबाहेर पडली की तिच्याबरोबर कोणीतरी द्यायचं. कोण, याला महत्त्व नाही. मी बी.एड.च्या परीक्षेला गेले तेव्हा वडिलांनी, आप्पांनी, सोबतीला बाळूला पाठवलं. वय वर्षं आठ. जाताना त्याला गाडी लागली, येताना तो झोपला. एका खांद्यावर बाळू, दुसऱ्या हातात ट्रंक, अशी मी घरी आले. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘बरं झालं, पुरुषमाणूस बरोबर होता.’

विनूला ही गोष्ट सांगितली. हसला. मग म्हणाला, ‘पण तरी आत्या.’

८ जाने.

नवापूर रोडवर प्रशांतचं तिकिटांचं दुकान. रेल्वे, विमान, बस, झेरॉक्स, लग्नपत्रिका. प्रशांत दहावी अ, स्पेलिंगच्या नावाने शंख. रस्ता खणून ठेवलाय, रिक्षावाला अर्ध्यात सोडून म्हणाला, ‘मैडम, आगे नहीं जाएगा.’ चालत गेले. कारखान्यांकडून तो सडक्या अंड्यांचा वास. कोलकात्यात निदान वास तरी वेगळा असेल.

बेत असा: इथून वर सुरतेला जायचं, तिथून हावड्याची गाडी. मुंबईच्या बाजूला तोंडही करायचं नाही.

‘बाई, एकच तिकीट?’

‘एकच.’

‘परतीचंपण एकच?’

‘नाही, येताना नवरा घेऊन येणार आहे.’

बिचारा खरंच थांबला. मग खाली मान घालून टाईप करायला लागला. २८ तारखेचं मिळालं. मॅचचं तिकीट निघालं की तोच मोबाईलवर काढून देणार.

फार आनंद झाला. येताना स्वतःला उसाचा रस पाजला.

११ जाने., रविवार

दांडीहून जनाबाय आली, टोपलीत कोळंबी. तिला मॅचचं सांगायची गरज नव्हती, पण मला कोणाशी तरी बोलायचं होतंच, आणि जनाबाय माझी विद्यार्थिनी नाही, हा तिचा मोठा गुण.

पंचाईत ही, की बाजू कुठली धरायची. टीव्हीवर नुसतं बघत होते तोवर ठीक. मैदानात अर्धी गॅलरी एकांची, अर्धी दुसऱ्यांची, मधोमध बसता येत नाही. पेपरात वाचलं होतं ते जनाबायला सांगितलं: एक संघ जिंकला की त्याची माणसं इलिश घेऊन घरी जातात, म्हणजे आपला काटेरी पाला मासा. दुसरा जिंकला की कोळंबी.

जनाबायने टोपली खाली ठेवली. गंभीर मामला.

‘पाल्यावाल्यांकं जा, बाय. कोलंबी काय, कोनीपन खातंय. सोलली का गिलली. पाला खावाला तोंडात डोलं लागतात.’

‘आणि आज तू मला काय विकतेयस?’

‘तुमाला कोलंबी. काटं काढाचं तुमचं वय हाय काय?’

दोन वाटे घेतले. बाजू मात्र पाल्याचीच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१३ जाने.

प्रशांतचा फोन. तिकीट निघालं! मोबाईलवर आलंय. मी चष्मा लावून गॅलरीचं नाव वाचलं. दुसऱ्या बाजूचं.

‘प्रशांत, मी तुला पाल्याची बाजू सांगितली होती.’

‘हो बाई, पण पाला संपला होता. म्हटलं, कोळंबी तर कोळंबी. उलट चांगली ना?’

मासळीबाजार करून ठेवलाय. एक नाही तर दुसरं, पिशवी रिकामी जाऊ नये. यात दोष माझाच, मी त्याला संघाचं नाव न सांगता मासा सांगितला.

आता बदलत नाही म्हणे. म्हणजे मी एवढ्या लांब जाऊन, ओरडायला जाऊन, शत्रूच्या मांडीवर तोंड मिटून बसायचं! नॉन्सेन्स.

रात्री जेवले नाही. मग जेवले.

१४ जाने., संक्रांत

गोड बोलायचा दिवस. फोन बंद ठेवला.

दुपारी आडवी असताना सुचलं. मला ओरडायचंय ते रेफरीवर. रेफरी कोणाचाच नसतो. पाल्याच्या बाजूनेही त्याचा उद्धार होतो, कोळंबीच्या बाजूनेही. माझं काही अडलेलं नाही. शिवाय गोल झाला तर चुकून आनंद होईल तेवढा होऊ द्यावा.

उठून दोन तिळाचे लाडू खाल्ले. फोन चालू केला.

१७ जाने.

राहायची सोय. कोलकात्यात एका कॉन्व्हेंटचं गेस्टहाउस आहे, जुन्या मैत्रिणीने नंबर दिला. फोन सिस्टरने उचलला आणि मी, या वयात, खुर्चीतून उभी राहिले. सवय.

त्यांचा प्रश्नही तोच. बरोबर कोण येणार? मी जरा तोऱ्यात म्हणाले, कोणीही नाही, सिस्टर, आय ॲम ट्रॅव्हलिंग अलोन. वाटलं, आता पालकांची चिठ्ठी मागणार. सिस्टर म्हणाल्या, ‘गुड. ग्रूप आला की आमची गरम पाण्याची टाकी संपते.’

देव त्यांचं भलं करो.

मग कशासाठी येताय. चर्चमध्ये काही आहे का. मी खरं सांगितलं. मग त्यांनी नियम सांगितला: गेट आठला बंद होतं, आणि मॅच संपणार त्यानंतर. मी म्हटलं, संपलं. सिस्टर म्हणाल्या, ‘त्या दिवशी गेट उघडंच असेल. आमचा गेटमन मॅचला जातो. आम्ही त्याला तापाची रजा देतो.’

मी उभ्यानेच हसले.

२० जाने.

मंगळवार. विनू, नारळ, आणि एक बातमी.

‘आत्या, आईची फार इच्छा आहे गं. कालीमाता बघायची. कधीपासून म्हणते. तुझ्या शेजारची सीट मिळाली, काढून टाकली.’

आई म्हणजे शालिनी, बाळूची बायको. सीट अर्थातच प्रशांतने काढून दिली. लगेच दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला! मी रस पीत घरी पोचले नसेन, तोवर यांचे फोन झालेले. दहावी अ ला मी उगाच ग्रेस मार्क दिले.

शालिनीने लग्न होऊन आल्यापासून वाडी सोडून काही पाहिलेलं नाही. तिने देवी बघायची म्हटल्यावर मी नाही म्हणणारी कोण? शालिनीसमोर मी ओरडू शकत नाही पण. ती मला ‘ताई’ म्हणते आणि पदर सारखा करते. तिच्या शेजारी बसून मी रेफरीला मेल्या म्हणायचं? ती मला अशक्तपणा आला समजून खजूर देईल.

नारळ ठेव आणि जा, म्हटलं विनूला.

२१ जाने.

संताप. काही लिहिण्यासारखं नाही.

२२ जाने.

शेवटी तारापूरला गेले. म्हटलं, शालिनीशी नीट बोलावं. तू काली बघ, मी मॅच बघते, मॅचच्या दिवशी तू खोलीवर राहा, असं काहीतरी.

शालिनी वाडीत पानवेलीला पाणी सोडत होती. मला बघून डोळ्यांत पाणी. ‘ताई, कशा हात? चक्कर परत आली काय?’

‘कसली चक्कर?’

‘विनू बोलला ना. ताईंला एकटीला भीती वाटते, आई, तू सोबत जा, पण त्यांला सांगू नको, त्यांला वाईट वाटंल. मला काय हौस हाय काय तिकडं जायची? इकडं वेली कोन बघंल?’

‘आणि काली?’

‘कोन काली?’

दोघी बांधावर बसलो. मी तिला मला काय सांगितलं ते सांगितलं, तिने मला तिला काय सांगितलं ते सांगितलं. मग शालिनी, जिला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही, ती म्हणाली, ‘गाढवाला बालपनी मारला नाय मी, तीच चूक.’

विनू वाईट नाही. काळजीने केलं. पण त्याची काळजी बापाच्या वरताण, आठ वर्षांच्या बाळूने निदान तोंडावर सांगितलं होतं की मी तुझी राखण करायला आलोय.

शालिनीने चहा केला. तिकीट रद्द करू म्हणाली. मग कप खाली ठेवून हळूच: ‘नायतर ताई, असं करू. मी तुमच्याबरोबर सुरतपर्यंत येते. तिथं आमच्या मासवण गावची सुमन, चुलतबहीण, किती वर्सं बोलावते. मी तिच्याकडं ऱ्हाते, तुमी पुढं जावा. विनूला वाटंल दोघी गेल्या.’

आमच्या घरात इतकी वर्षं हा खेळाडू राखीवमध्ये बसून होता.

२३ जाने.

विनूला सांगितलं, आईला घेऊन जाते. त्याचा चेहरा एवढा उजळला की मला अर्धा क्षण लाज वाटली. अर्धाच.

२६ जाने.

शाळेत झेंडावंदन, माजी शिक्षक म्हणून लाडू आणि भाषण ऐकायची सक्ती. तिथून घरी येऊन बॅग भरली. तीन साड्या, दोन सलवार-कुर्ते, स्वेटर, बी.पी.च्या गोळ्या, घशासाठी खडीसाखर. हिरव्या किंवा लाल काठाचं काही न्यायचं नाही, तिथे रंगावरून मारामाऱ्या होतात म्हणे. निळं आणि राखाडी. जनाबायने सुके बोंबील बांधून दिलेत, ‘रस्त्याला लागतील’ म्हणून. कॉन्व्हेंटमध्ये सुके बोंबील! शेजारी देऊन टाकले. जनाबायला सांगणार नाही.

२८ जाने., सुरत स्टेशन

बाकावर बसून लिहितेय.

विनूने बेटेगाव फाट्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या देत बोईसर स्टेशनवर आणून सोडलं. डब्यात चढवलं, पाणी दिलं, खिडकीतून सूचना दिल्या. ‘आई, आत्याचा हात सोडू नको. आत्या, आईला एकटी ठेवू नको.’ गाडी हलली. डहाणू येईपर्यंत दोघी गंभीर. मग शालिनी आधी हसली, मग मी, आणि समोरचे गुजराती काका उठून दुसरीकडे जाऊन बसले.

खिडकी तिला दिली होती. उंबरगावच्या पुढे तिने एकदा विचारलं, आता आपलं राज्य संपलं काय? संपलं, म्हटलं. त्यानंतर तिने डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सुरतेला उतरलो. सुमनचा मुलगा बाहेर गाडी घेऊन उभा आहे, त्याचा दोनदा फोन आला. शालिनी ‘येते, येते’ म्हणते आणि बॅग उचलत नाही. फलाटावरच्या पाटीवर हावडा लिहून आलंय ते वाचत बसलीय.

‘ताई, तिथं आपल्याला ओळखनारं कोन कोन हाय?’

‘कोणी नाही.’

‘एकपन नाय?’

‘एकपण नाही.’

गाडी यायची घोषणा झाली, गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत. मग पाटीकडेच बघत ती म्हणाली, ‘माझंपन तिकीट हाय ना पुढचं.’

सोबत म्हणून येते असं नाही म्हणाली. तुमच्याबरोबर येते असंही नाही. नुसतं, तिकीट आहे.

मी चाळीस वर्षं मुलांना एका वाक्यात उत्तर द्या म्हणत आले. मला ते एक वाक्य सुचत नाहीये. मला तिथे ओळखीचं कोणी नको होतं. आणि ही जी बाकावर बसलीय, उघड्या डोक्याने, पाय हलवत, तिला तरी मी कुठे ओळखते?

सुमनच्या मुलाचा तिसरा फोन. शालिनीने माझ्याकडे बघितलं, उचलला नाही. गाडी दिसतेय.