थोरल्याची फेरी

२ डिसेंबर

आलो एकदाचे मुरुमला! लग्नाला सात वर्षं झाली, पण सासरी राहायला आज पहिल्यांदाच. पुण्यातलं कोंदट घर सुटलं. इथं मागं-पुढं अंगण, दारात शेवगा आणि माझ्या सहा वर्षांच्या युवराजला हुंदडायला चौदा एकर वावर. सासूबाई बोलायला खरखरीत आहेत, पण हाताला चव आहे. मी खूश आहे.

५ डिसेंबर

सासूबाई रोज पहिलं ताट समर्थचं वाढतात. समर्थ म्हणजे ह्यांच्या पहिल्या बायकोचा, तारामतीचा मुलगा. आठ वर्षांपूर्वी मायलेकरं एकाच तापात गेली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आठवण ठेवावी, मान्य. पण माझं पोरगं भुकेनं रडत असताना? मी बोलले, तर म्हणाल्या, "थोरल्याच्या आधी धाकट्याला न्हाय वाढत आमी."

धाकटा! माझा एकुलता एक!

९ डिसेंबर

वावर अजून समर्थच्याच नावावर आहे, हे आज कळलं. आजोबांनी थोरल्या नातवाला दिलेलं. नाव कमी करा म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, "कशापायी? त्यो हाय की." आणि आमचे इंद्रजितराव उठून अंगणात निघून गेले. भिंतीवर तारामतीचा फोटो, त्याला रोज ताजा हार. काय तो तोरा! माझा नुसता जळफळाट होतो. मेली तरी हिचाच पोरगा पुढं.

१९ डिसेंबर

आज येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. सगळे वावरात जेवायला. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा झाली, की घरातला थोरला मुलगा आंबिलीची कळशी घेऊन पिकाला फेरी मारतो. आमच्यात आठ वर्षं ती कळशी नुसती बांधावर ठेवतात म्हणे. मी ती उचलली आणि युवराजच्या हातात दिली. सासूबाई ओरडल्या, "राजेश्वरी, त्याची फेरी हाय ती! बोलीव पोराला माघारी!" तोवर तो ज्वारीत शिरलासुद्धा. मला हसू येत होतं. आज माझा मुलगा थोरला झाला.

संध्याकाळ. फेरीहून आला, तेव्हा कळशी रिकामी होती. चौदा एकर फिरून धापसुद्धा लागली नव्हती. जवळ ये म्हटलं, तर मला म्हणाला, मावशी.

२० डिसेंबर

चेष्टा वाटली. नाही. पहिलं ताट त्यानं स्वतःकडं ओढलं. सासूबाई त्याचं तोंड कुरवाळून रडल्या, समर्थ म्हणाल्या. ह्यांनीसुद्धा — युवराजचा बाप असून — त्याच नावानं —

२१ डिसेंबर

त्याला विचारलं, माझा युवराज कुठाय? म्हणाला, धाकटा वावरात आहे. आईजवळ.

आई मी आहे. मी —

२२ डिसेंबर, दुपार

बांधावर बसून लिहितेय. ज्वारीत रडतंय कुणीतरी. माझंच पोर. हाक मारली — रडणं थांबलं —

कणसं हलतायत. तारामती. तीच. कडेवर युवराज. तिच्या पदराला तोंड पुसतोय —

मी हात पुढं केले. ये रे राजा, मी तुझी —

बघतोय. परक्या बाईकडं बघावं तसं. तिच्या गळ्याला बिलगून विचारतोय, आई, ही कोण —